ट्रॅक्टरमध्ये काय काय न्यायचं?

बालदिन 14 नोव्हेंबरला येतो आणि बालहक्क दिन 20 नोव्हेंबरला. माझ्या शाळेसाठी या दोन्ही तारखा उशिराच्या आहेत. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं हे गाव. दसरा झाला की मुकादमाच्या चकरा वाढतात, ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबं बिऱ्हाड बांधायला लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. 20 नोव्हेंबरला माझ्या सहावीच्या वर्गातली निम्मी जागा रिकामी असते. ज्यांच्याशी हक्कांबद्दल बोलायला हवं, ती मुलं तोवर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कुठल्या तरी फडाशेजारच्या कोपीत राहायला गेलेली असतात. म्हणून हा प्रकल्प मी पोळा झाला की लगेच घेते.

पहिल्या वर्षी मी तक्ता केला होता. संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली बालहक्कांची संहिता मंजूर केली, तिच्यात 54 कलमं आहेत, भारतानं ती 1992 साली स्वीकारली. शिवाय जगण्याचा, विकासाचा, संरक्षणाचा आणि सहभागाचा असे चार मोठे हक्क, चार रंगांत. मुलांनी आठवड्यात सगळं पाठ केलं आणि परिपाठाला घडाघडा म्हणून दाखवलं. सगळ्यांत स्पष्ट म्हणणारी मुलगी पुढच्याच महिन्यात आईबापांबरोबर गेली. जाताना ती माझ्या पाया पडली. त्या तक्त्यातली एकही ओळ तिच्या उपयोगाची नव्हती, हे मला तेव्हा लख्ख कळलं. पाठ केलेला हक्क मुलाच्या हातात येत नाही. तो त्याला स्वतःच्या दिवसात सापडावा लागतो.

आता सुरुवात दिवसाच्या पट्टीनं होते. पाठकोरे कागद खळीनं जोडून लांब पट्टी करायची आणि तिच्यावर चोवीस तासांची चोवीस घरं आखायची. रंग विकत आणायचे नाहीत. झोपेला कोळसा, कामाला गेरू, शाळेला नीळ आणि खेळाला हळद. रंग कालवण्यातच एक तास जातो, आणि तो मी मुद्दाम जाऊ देते. बोटं रंगात असली की मुलं एरवी न सांगितलेलं बोलतात. पहाटे कोण उठवतं, पाण्याला किती खेपा होतात, शेळीला कोण सोडतं, हे सगळं त्या तासात बाहेर येतं.

गेल्या खेपेला एक मुलगी बराच वेळ ब्रश धरून नुसती बसली होती. मग तिनं विचारलं, “बाई, एका घरात दोन रंग चालतील का?” संध्याकाळी सात ते आठ ती अभ्यास करते, पण धाकटा भाऊ तिच्या मांडीवर असतो. मी हो म्हटलं. तिनं घराला तिरकी रेघ मारली आणि अर्ध्यात नीळ, अर्ध्यात गेरू भरला. ते बघून आणखी पाच-सहा मुलींनी आपली घरं खोडून पुन्हा आखली. पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या, तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नाही. मुलग्यांच्या पट्ट्या लांबूनही पिवळ्या दिसत होत्या, मुलींच्या तांबूस. एक मुलगा स्वतःच्या आणि बहिणीच्या पट्टीकडे आळीपाळीनं बघत उभा राहिला. विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क आहे, संहितेच्या 31व्या कलमात तो लिहिलेला आहे, हे मी त्यानंतर सांगितलं. “खेळ पण कायद्यात आहे?” हा प्रश्न मागच्या रांगेतून आला आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. गरजा कोणत्या आणि नुसत्या आवडी कोणत्या, हे मुलांनी चिठ्ठ्या निवडून ठरवायचं, असा एक खेळ बऱ्याच ठिकाणी घेतात. आमच्याकडे तो ट्रॅक्टरवर आला. प्रत्येक गटाला वीस चिठ्ठ्या देते. पिण्याचं पाणी, आजी, शाळा, दवाखाना, मोबाइल, सायकल, मित्र, पोटभर जेवण, टीव्ही, माझं मत ऐकणारं कुणीतरी, मार न खाणं, अशा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जागा फक्त बाराच चिठ्ठ्यांना. आठ मागं ठेवायच्या आणि का ठेवल्या ते सांगायचं. फळ्यापुढं खडूनं आखलेली ट्रॉली, तिच्यात उकिडवी बसलेली मुलं आणि चिठ्ठ्यांवरून चाललेली हमरीतुमरी.

टीव्ही आणि सायकल पटकन उतरली. आजीवरून भांडण झालं, कारण खरोखरच आजी मागं राहते. एका गटानं मात्र शाळेची चिठ्ठी सगळ्यांत आधी खाली ठेवली. मला वाटलं, अभ्यासाचा कंटाळा असेल. कारण विचारलं तर त्यांच्यातला थोराड मुलगा म्हणाला, “बाई, तिथं शाळा नसतीच की. उगं ओझं कशाला न्यायचं?”

त्यावर मला लगेच बोलता आलं नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षण मिळालंच पाहिजे, असं तो म्हणतो. महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी 1882 साली केली होती. हे सगळं मी प्रशिक्षणात ऐकलेलं, परीक्षेत लिहिलेलं. आणि समोर बारा वर्षांचा मुलगा शाळेला ओझं म्हणत होता, तेही चार हंगामांच्या अनुभवावरून.

एक काळजी मात्र या कामात घ्यावीच लागते. हक्कांचा तास म्हणजे आईबापांविरुद्धची फिर्याद होता कामा नये. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावावर असते. आई मोळ्या बांधत असताना तान्हं सांभाळायला मागं कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा थोरली मुलगी. हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. ती आईला दोष देत नाहीत, मग मीही देत नाही. ज्यांचं कुणी आजी-आजोबा गावात आहेत, त्यांना हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मागं ठेवता येतं का, यासाठी मी घरोघर जाते. काही पालक ऐकतात. काहींना ऐकणं परवडत नाही.

तिसरी गोष्ट खोक्याची. बुटाच्या खोक्याला फट पाडून आम्ही मतपेटी केली. नाव लिहायचं नाही, मनातलं लिहायचं. लिहून काय होतं, असं मुलांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना मुक्ता साळवेबद्दल सांगितलं. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा-एक वर्षांच्या या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि 1855 साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलीनं लिहिलेला कागद आपण आजही वाचतो. शुक्रवारी पेटी उघडली. पाण्याच्या टाकीचा नळ गळतो, मधल्या सुट्टीत मोठी मुलं मैदान देत नाहीत, अशा चिठ्ठ्या निघाल्या. एक चिठ्ठी माझ्याबद्दल होती. ‘बाई आम्हाला ऊसवाल्यांची पोरं म्हणतात. तसं म्हणू नये.’

मी ते म्हणत होते. हजेरी लावताना, दुसऱ्या शिक्षकांशी बोलताना, सहज, रोज. शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करतं. छडी मी कधीच सोडली होती आणि त्यावर समाधान मानून बसले होते. चिठ्ठी मी वर्गात मोठ्यानं वाचली आणि माफी मागितली. कुणी लिहिलं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. पण पुढच्या शुक्रवारी पेटीत चिठ्ठ्या दुपटीनं निघाल्या. मुलांचं म्हणणं ऐकलं जावं, असं संहितेचं 12वं कलम सांगतं. ते मला त्या खोक्यानं शिकवलं.

मग आम्ही नाटक बसवलं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमीपत्रक असतं. त्यावर मूल कुठल्या वर्गात आहे, काय शिकलंय याची नोंद करून ते बरोबर द्यायचं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावं. कागद मी दरवर्षी भरून देत होते आणि तो आईच्या पेटीत तळाशी जात होता. कारण परक्या गावच्या शाळेत जाऊन तो पुढं कसा करायचा, हे मुलाला कुणी दाखवलंच नव्हतं. म्हणून आता मुलं जुन्या पुठ्ठ्याचं पाकीट शिवतात, त्यावर आपलं नाव रंगवतात, आत हमीपत्रक आणि 1098 हा मदतीचा नंबर ठेवतात, आणि रोज एक जण परक्या शाळेत जायची तालीम करतो.

मुख्याध्यापक व्हायला तोच थोराड मुलगा तयार झाला. माझ्या खुर्चीत रेलून तो गुरकावला, “आता मधीच? दाखला कुठाय?” त्याच्यापुढं दोन रंगांवाली मुलगी उभी होती. पहिल्या दिवशी ती मान खाली घालून परत आली. दुसऱ्या दिवशी पुटपुटली. आम्ही कायदा पुन्हा वाचला. प्रवेश वर्षात कधीही देता येतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला अडवता येत नाही. एवढं लांबलचक कोण लक्षात ठेवणार? मुलांनी बसून त्याचं एक वाक्य केलं. तिसऱ्या दिवशी तिनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “मी सहावीत आहे. दाखला मागून येईल, मी आधी बसते.” मुख्याध्यापक खुर्चीतून उठला आणि त्यानं तिला जागा दिली. तसं ठरलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर ती गेली. जाताना तिनं कोरी पट्टी नेली, या वेळी एका घराला एक दिवस असं ठरवून, आणि निळीची एक पुडी मागून घेतली. गेरू आणि हळद तिकडं मिळेल म्हणाली.

एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि माणसं परतली. तिसऱ्या दिवशी ती वर्गात आली. आल्या आल्या पट्टी जमिनीवर उलगडली. ती वर्गाच्या दारापर्यंत गेली. सुरुवातीला गेरू, मग सलग एकोणीस घरं निळी. तिथल्या शाळेत ती गेली होती, वाक्य म्हणाली होती, बाईंनी बसवून घेतलं होतं. विसाव्या घरापासून परत गेरू. “टोळीचा फड बदलला,” ती म्हणाली. मधून मधून घराच्या कोपऱ्यात हळदीची टिकली होती, उन्हानं फिकी पडलेली.

मग तिनं दप्तरातून पुडी काढून माझ्यापुढं धरली. नीळ बरीच उरली होती. आजचं घर राहिलंय, असं म्हणत तिनं बोट पाण्यात बुडवलं आणि पट्टीच्या टोकाशी खाली बसली.