लांबचा मार्ग, थोडा वेळ

अंतर जितकें अधिक तितका प्रवासाचा वेळ अधिक, हा हिशेब बैलगाडीला लागू पडतो, आगगाडीलाहि बहुतांशीं लागू पडतो. विमानाला मात्र तो लागू पडेलच असें नाहीं.

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को या दोन विमानतळांचेंच उदाहरण घ्यावें. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून त्यांचें अंतर मोजूं गेल्यास फसगत होते; कारण नकाशा सपाट, पृथ्वी गोल. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरला तर तो सैबेरिया व उत्तर ध्रुवाजवळच्या हिमप्रदेशावरून जातो, आणि भरतो सुमारे १२,४०० किलोमीटर. याहून जवळची वाट नाहीं. परंतु आकाशांतहि सरळ रेघेनें जाण्याची मुभा क्वचितच मिळते. वाटेंतील देशांची परवानगी लागते. खालीं उंच पर्वत नकोत. आणि इंजिन बिघडल्यास वेळेंत गांठतां येईल असा तळ हवा.

एअर इंडियाचें विमान प्रथम पश्चिमेकडे, अटलांटिक महासागर ओलांडून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा. ऑक्टोबर २०१६ मध्यें तें उलट दिशेनें, पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेण्यांत आलें. अंतर झालें सुमारे १५,३०० किलोमीटर. तरीहि विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षां जवळजवळ दोन तास आधीं, पोहोंचलें!

यांतील किमया वाऱ्याची. विमानाचा वेग हवेच्या मानानें मोजावयाचा असतो. ताशीं ९०० किलोमीटर वेगाचें विमान, वारा पाठीशीं ताशीं १०० किलोमीटर असल्यास जमिनीवरील अंतर हजाराच्या वेगानें तोडतें. तोच वारा समोरून आला तर आठशेंच्या. नदींतील नावाड्याला हें शिकवावें लागत नाहीं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहत असतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनीं १९२० नंतरच्या दशकांत फुगे सोडून ते मोजले होते. पण जगाचें तिकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. १९४४ सालीं जपानवर गेलेल्या अमेरिकन बाँबफेकी विमानांना त्यांचा तडाखा बसला, तेव्हां डोळे उघडले. हिवाळ्यांत हे झोत जोरावर असतात, उन्हाळ्यांत मंदावतात. म्हणून कोणत्या मार्गानें जावें हें त्या दिवसाचा वारा पाहून ठरवावें लागतें. दोन तास वांचले तर टनावारी इंधन वांचतें, आणि भाड्याचा मोठा भाग इंधनाचाच असतो.

आतां घड्याळाची गोष्ट. उन्हाळ्यांत सॅन फ्रॅन्सिस्कोचें घड्याळ दिल्लीच्या साडेबारा तास मागें असतें. रविवारीं पहाटे चारला दिल्लीहून सुटलेलें विमान साडेचौदा तास उडून तेथें उतरतें तें रविवारींच सकाळीं सहाला. मध्यें पॅसिफिकवर दिनरेषा ओलांडतांच उतारूंचा रविवार मागें सरून शनिवार होतो, आणि मध्यरात्रीनंतर पुनः रविवार लागतो. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिकच छापलेल्या असतात. त्यांची वजाबाकी करून दोन तासांपुरताच फराळ बरोबर घेणाऱ्या उतारूची गत कठीण. विमानांत जेवण मिळतें म्हणून बरें.