परमहंस सभेचा पाव
मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्या प्रेरणेने १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. बैठका गुप्त, सभासद बहुतांशी इंग्रजी शिकलेले तरुण. जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून प्रवेशेच्छूला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. धर्मांतर मात्र अपेक्षित नव्हते. बहिष्कृताच्या घरचे लग्नसंबंध तुटत. तेव्हा त्या गुप्ततेला आज भ्याडपणा म्हणणे फार स्वस्त आहे. तरीही तिची किंमत जबर पडली. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि सभा मोडली. १८६७ साली प्रार्थना समाज निघाला, तो उघडपणे. दादोबांनी १८७८ साली गूढवादी ख्रिस्ती तत्त्वचिंतक स्वीडनबोर्ग यांच्यावर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तोही स्वतःस हिंदू गृहस्थ म्हणवूनच.