प्रकल्प मागोवा सॉफ्टवेअर

प्रकल्प मागोवा सॉफ्टवेअर म्हणजे प्रकल्पातील कामांची नोंद ठेवून ती कोणाकडे आहेत, कोणत्या टप्प्यावर आहेत आणि इतर कोणत्या कामांवर अवलंबून आहेत हे दाखवणारी संगणकप्रणाली होय. एकाच उद्दिष्टासाठी समांतर चालणाऱ्या परस्परसंबंधित प्रकल्पांच्या समूहाला व्यवस्थापनशास्त्रात 'कार्यक्रम' म्हणतात. लहान गटाचे काम तोंडी विचारपूस करून चालू शकते; अनेक गटांच्या कार्यक्रमात मात्र सर्वांना दिसणारी सामाईक नोंद आवश्यक ठरते.

इतिहास

कामांचे वेळापत्रक आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता अमेरिकन अभियंता हेन्री गँट याने 1910 च्या दशकात प्रचारात आणला. 1957 मध्ये ड्युपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी 'निर्णायक मार्ग पद्धती' विकसित केली. 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी 'पर्ट' ही तिच्याशी साम्य असलेली पद्धत तयार झाली. सॉफ्टवेअरमधील दोष नोंदवणारी बगझिला ही प्रणाली 1998 मध्ये मोझिला प्रकल्पातून पुढे आली. ऑस्ट्रेलियातील अटलाशियन कंपनीने 2002 मध्ये जिरा ही प्रणाली आणली. 'गॉडझिला'चे जपानी नाव 'गोजिरा' यावरून तिचे नाव पडले. विकिपीडियामागील विकिमीडिया प्रतिष्ठान 2014 पासून फॅब्रिकेटर ही प्रणाली वापरते. तेथील बहुतेक नोंदी कोणालाही वाचता येतात.

रचना

नोंदीत सामान्यतः कामाचे वर्णन, जबाबदार व्यक्ती, अग्रक्रम, मुदत आणि सद्यस्थिती असते. मोठ्या उद्दिष्टाखाली टप्पे, टप्प्याखाली कामे आणि कामाखाली उपकामे अशी उतरंड केली जाते. त्यामुळे काम करणाऱ्याला आपले आजचे काम दिसते, तर कार्यक्रम-व्यवस्थापकाला सर्व गटांचे एकत्रित चित्र दिसते. स्थितीतील प्रत्येक बदल दिनांकासह नोंदला जात असल्याने एखादा निर्णय कधी झाला आणि कोणी घेतला, हेही नंतर तपासता येते.

परस्परावलंबन

अनेक गटांच्या कार्यक्रमात विलंबाचे उगमस्थान बहुधा दोन गटांच्या सीमेवर असते. उदाहरणार्थ, ऑनलाइन प्रवेश अर्जाच्या कामात माहितीसाठा उभारण्यास 4 आठवडे आणि त्यानंतर अर्जाचे पान बनवण्यास 5 आठवडे लागतात. शुल्क भरण्याची सोय दुसरा गट स्वतंत्रपणे 6 आठवड्यांत करतो. दोन्ही भाग तयार झाल्यावर चाचणीसाठी 2 आठवडे लागतात. येथे पहिला मार्ग 11 आठवड्यांचा व दुसरा 8 आठवड्यांचा आहे. सर्वांत लांब असलेला पहिला मार्ग हा निर्णायक मार्ग होय. शुल्काचे काम 3 आठवडे लांबले तरी अंतिम मुदत ढळत नाही; अर्जाचे पान मात्र एक आठवडा लांबले तरी संपूर्ण कार्यक्रम एक आठवडा पुढे जातो. 'हे काम त्या कामामुळे अडले आहे' अशी जोडणी नोंदीत केली असेल, तरच प्रणालीला हा धोका आधी दाखवता येतो.

उदाहरण : हेल्थकेअर.गव्ह

अमेरिकेतील आरोग्य विमा कायद्यानुसार 1 ऑक्टोबर 2013 रोजी सुरू झालेले हेल्थकेअर.गव्ह हे संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले. त्या दिवशी केवळ सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण झाली. या कामावर पन्नासहून अधिक कंत्राटदार होते आणि त्यांच्या कामाची सांगड घालण्याची जबाबदारी एका सरकारी संस्थेने स्वतःकडे ठेवली होती. निर्णयाधिकार एका ठिकाणी नाही आणि चाचणीसाठी पुरेसा अवधी नाही, असा इशारा मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने त्याच वर्षाच्या पूर्वार्धात दिला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस एका कंपनीकडे समन्वयाचे काम सोपवण्यात आले. दुरुस्त्यांची अग्रक्रमानुसार एकच यादी केली गेली आणि सर्व गटांच्या दैनंदिन बैठका सुरू झाल्या. या बैठकांत पदापेक्षा विषयाच्या माहितीला महत्त्व देण्याचा दंडक होता. 1 डिसेंबरपर्यंत 400 हून अधिक दुरुस्त्या झाल्याचे शासनाने जाहीर केले. यावरून सामाईक यादीइतकाच तिच्यावर निर्णय घेणारा अधिकारीही आवश्यक असल्याचे दिसते.

मर्यादा

प्रणाली भरलेली माहितीच दाखवते. ती खरी आहे की नाही हे तिला कळत नाही. 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ एका गटात 'लिहून झाले' आणि दुसऱ्यात 'तपासून झाले' असा असेल, तर एकत्रित अहवाल दिशाभूल करतो. म्हणून या शब्दाची व्याख्या सर्व गटांनी आरंभीच ठरवणे इष्ट असते. नोंदींच्या संख्येवरून कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन केल्यास एका कामाचे अनेक तुकडे करून आकडा फुगवण्याची प्रवृत्ती वाढते. विलंब नोंदवणाऱ्यास दोष दिला जात असेल, तर अडचणी लपवल्या जातात आणि वरिष्ठांपर्यंत पोहोचणारे चित्र वास्तवापेक्षा आशादायक राहते. नोंदीत अनावश्यक रकाने वाढवल्यास त्या भरण्यातच वेळ जातो आणि माहिती शिळी होते.