संधाय संभाषा आणि व्यवसायातील अप्रिय बोलणे

द्रव्यपरीक्षा कशी करावी, याविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते. परीक्षेचा निष्कर्ष प्रतिकूल निघाला असता तो संबंधितास कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगावा, याविषयी मात्र फारसे लिहिलेले आढळत नाही. वस्तुतः बहुतेक प्रकरणे अडतात ती तेथेच. वैद्य आणि फार्मसीचे मालक यांचे संबंध वीस-वीस वर्षांचे असतात, उधारीचे खाते चालू असते, लग्नकार्यास जाणे-येणे असते. अशा वेळी ‘आपला माल मला बरोबर वाटत नाही’ हे साधे वाक्य घशाशी येऊन थांबते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेला असतो. त्यातील तेरा अधारणीय वेग सर्वांच्या स्मरणात राहतात. त्यांच्यापुढे सांगितलेले धारणीय वेग तितकेसे राहत नाहीत. मनाच्या धारणीय वेगांत लोभ, शोक आणि क्रोध यांच्या पंक्तीला भयही बसविले आहे. वाणीच्या बाबतीत कठोर, अतिरिक्त, चहाडीचे, असत्य आणि अवेळी बोलणे यांचा वेग आवरावा, असे म्हटले आहे. ही यादी सावकाश वाचावी. योग्य वेळी, मोजक्या शब्दांत, समोरासमोर सांगितलेले सत्य तीत कोठेही नाही. व्यवहारात आपण नेमके उलट वागतो. मालकासमोर गप्प बसतो आणि दुसऱ्या वैद्यापाशी त्याच मालाची निंदा करतो. सभेनंतरच्या चहापानात हा प्रकार विशेष रंगतो, व प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही.

एक अनुभव सांगतो. असृग्दराच्या रुग्णांसाठी अशोकत्वचेचा क्वाथ मी वर्षानुवर्षे एकाच ठिकाणाहून आणलेल्या भरडीपासून देत असे. एका वर्षी तीन रुग्णांत नेहमीचा उपशय दिसला नाही. खरा अशोक म्हणजे साराका असोका. त्याची फुले नारिंगी-तांबडी, झुबक्यांनी येणारी. रस्त्याच्या कडेला आणि बंगल्यांच्या कुंपणालगत सरळसोट उभा असतो तो आसुपालव, म्हणजे पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. दोघांची कुळेही भिन्न. झाड उभे असताना कोणीही ओळखील. साल वाळून तिची भरड झाली की भल्याभल्यांची नजर फसते. साराका असोका 1998 पासून संकटग्रस्त वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे खरी साल दुर्मिळ होणे आणि तिच्या जागी दुसरी येणे, हे घडणारच होते.

तरीही बोलण्यास मला दोन महिने लागले. तीन रुग्णांवरून द्रव्य खोटे ठरत नाही, हे माझे कारण होते आणि ते खरेही होते. पण त्या कारणाच्या आड संकोच लपला होता, हेही तितकेच खरे. अखेर पुड्यावरील बॅच क्रमांक टिपून नमुना एका महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागात दिला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘ही साराकाची त्वचा नव्हे’ एवढेच उत्तर आले. ती कशाची, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही तर्क केला नाही.

चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार केले आहेत : संधाय आणि विगृह्य. पहिली मैत्रभावाने, दुसरी जिंकण्यासाठी. संधाय संभाषेत पराजयाच्या भयाने उद्विग्न होऊ नये, समोरच्यास निरुत्तर केल्यावर हर्ष मानू नये, इतरांत त्याची फुशारकी मारू नये, एकाच बाजूला मोहाने चिकटून राहू नये, जे ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये, असे तेथे सांगितले आहे. हे शास्त्रचर्चेसाठी आहे खरे. परंतु फार्मसीच्या पेढीवर ते तितकेच लागू पडते. मी दुपारी, गिऱ्हाईक नसताना गेलो. म्हणालो, “शेठ, तक्रार घेऊन आलेलो नाही. या बॅचची अशोकत्वचा तपासून घेतली, ती साराकाची नाही असे उत्तर आले. आपण ती कोठून घेतली, एवढे पाहावे.”

शेठ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वैद्यराज, वीस वर्षांत आपण कधी असे बोलला नाहीत.” यात राग होता की दुःख, ते मला आजही सांगता येणार नाही. मी “म्हणूनच आधी आपल्याकडे आलो,” असे म्हणालो व अहवालाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. आवाज थरथरला, हे लपविण्यात अर्थ नाही.

येथे फार्मसीचालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. आपल्या ग्रंथांत अभावप्रतिनिधी द्रव्यांची परंपरा आहे आणि भावप्रकाशात त्यांची यादी मिळते. परंतु प्रतिनिधी द्रव्य वैद्य जाणून योजतो. न सांगता बदललेले द्रव्य प्रतिनिधी नव्हे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 33-ईईए नुसार ज्या औषधाच्या जागी पूर्णतः वा अंशतः दुसरा पदार्थ घातला गेला, ते बनावट ठरते. पुरवठादाराने आपणास फसविले, असे सांगणाऱ्या मालकास अनुसूची ‘टी’ विचारते की कच्च्या मालाची परीक्षा व नोंद आपण ठेवली होती काय. म्हणजे वैद्याने आणलेली वाईट बातमी ही निरीक्षकाच्या आधी आलेली बातमी असते, आणि ती तशीच ऐकावी.

हेच सूत्र पेढीच्या आतही लागते. भावनेची संख्या कमी पडली, हे प्रथम कळते ते खलापाशी बसलेल्या कारागिरास. तो मालकास सांगत नाही, कारण मागील वेळी सांगणाऱ्यास काय ऐकावे लागले ते त्याने पाहिलेले असते. मालकाने येथे शौर्याची अपेक्षा कारागिराकडून करू नये. चुकलेली बॅच स्वतःहून दाखविणाऱ्यावर त्या दिवशी आवाज चढवू नये. हिशोब दुसऱ्या दिवशी करता येतो.

शेठनी ती बॅच परत घेतली. पुढील तीन महिने त्यांच्याकडून फोन आला नाही, दिवाळीस फराळ आला नाही. त्यानंतर एके दिवशी त्यांचा मुलगा सालीचे दोन निरनिराळे तुकडे घेऊन दवाखान्यात आला आणि खरेदीपूर्वी दोन्ही तपासून देता येतील काय, असे विचारू लागला. त्यातील एक साराका निघाला. त्याचा भाव पूर्वीच्या भरडीच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि क्वाथाची किंमत का वाढली, हे आता मला रुग्णांना सांगावयाचे आहे.