विश्लेषण : खाली दुकान, वर शुकशुकाट... ब्रिटनमधील जॉर्जियन घरांचे काय झाले?

इंग्लंडमधील बाथ शहराच्या मिल्सम स्ट्रीटवर चालताना मोठ्या काचा, ब्रँडच्या पाट्या आणि सेलचे फलक दिसतात. नजर थोडी वर नेली, की फिकट पिवळ्या दगडातील उंच खिडक्यांची रांग दिसते. हा रस्ता १७६० च्या दशकात आकाराला आला, तो प्रामुख्याने श्रीमंतांच्या राहण्यासाठी. लंडनसह अनेक ब्रिटिश शहरांत अशी जुनी घरे आज दुकाने झाली आहेत. तळमजला गजबजलेला असला, तरी वरचे मजले अनेकदा रिकामे असतात. असे का झाले?

जॉर्जियन टेरेस घर म्हणजे काय?

येथे ‘टेरेस’ म्हणजे गच्ची नव्हे. सामाईक भिंतींनी एकमेकांना जोडलेल्या, एकसारख्या दर्शनी भागाच्या घरांची ती ओळ. १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर एकामागून एक चार जॉर्ज राजे आले. त्यावरून या शैलीला ‘जॉर्जियन’ नाव पडले. जमीनमालक भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत आणि बांधकाम व्यावसायिक घरे उभारत. रस्त्याकडेची जागा महाग असल्याने घरे अरुंद, खोल आणि उंच होत गेली.

या घरांची रचना कशी होती?

तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर बहुधा जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, त्यावर शयनकक्ष आणि माळ्यावर नोकरांच्या खोल्या, अशी साधारण विभागणी असे. दिवाणखान्याच्या खिडक्या सर्वांत उंच, तर वर जाताना त्या लहान होत. मजल्याचा मान खिडकीवरून ओळखावा, असा हा प्रकार.

लंडनमध्ये या साधेपणामागे आगीची भीतीही होती. १६६६ च्या भीषण आगीनंतर नियम कडक झाले. १७०७ च्या कायद्याने छपराखालच्या लाकडी पट्ट्यांवर बंदी आली. १७०९ च्या कायद्याने खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीच्या चार इंच आत घेणे बंधनकारक केले. १७७४ च्या कायद्याने घरांची प्रतवारी करून त्यानुसार भिंतींची जाडी ठरवून दिली.

दुकाने कधी आली?

फार लवकर. जेन ऑस्टिन यांच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत एक कुटुंब मिल्सम स्ट्रीटवर मुक्कामाला आहे आणि त्याच रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकीत एका पात्राला टोपी आवडते. म्हणजे तेव्हाच घर आणि दुकान शेजारी नांदत होते. १८३१ मध्ये येथे ‘जॉलीज’ हे दुकान सुरू झाले आणि शेजारच्या इमारती सामावून घेत ते वाढत गेले.

लंडनमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. आजचा युस्टन रोड ज्याचा भाग होता, त्या ‘न्यू रोड’साठी १७५६ मध्ये कायदा झाला. रस्त्यापासून ५० फुटांच्या आत बांधकामास त्यात मनाई होती, त्यामुळे घरांपुढे लांब बागा राहिल्या. पुढे यातील अनेक बागांवर एकमजली दुकाने उभी राहिली.

काचेवरील कर १८४५ मध्ये, तर खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाला. त्यामुळे मोठ्या काचा परवडू लागल्या आणि लहान तावदानांच्या जागी अखंड काच आली.

दुकानासाठी घरात काय तोडले गेले?

घराला भिंत हवी असते, तर दुकानाला मोकळी जागा. त्यामुळे तळमजल्यावरील दोन खिडक्यांमधली भिंत काढून वर आडवी लाकडी तुळई टाकली जाई. पुढे लोखंडी खांब आणि तुळया आल्या. वरच्या मजल्यांच्या दर्शनी भिंतीचा भार या तुळईवर येतो. नावाची पाटी बहुतेकदा तीच तुळई झाकते. पाणी मुरून लाकूड कुजले किंवा तुळई वाकली, तर वरच्या भिंतीला तडे जातात.

आतही तोडफोड झाली. पुढची आणि मागची खोली एक करण्यासाठी मधली लाकडी भिंत काढली, की वरच्या भिंतीचा आधार जातो. पर्यायी आधार नीट दिला नसेल, तर जमीन खचते आणि दारे अडकू लागतात.

वरचे मजले ओस का पडले?

त्याचे एक मोठे कारण जिना. मूळ घरात एका बाजूला अरुंद मार्ग आणि मागे जिना असे. दुकान रुंद करण्यासाठी हा मार्ग आत घेतला, की वर जायची वाट दुकानातूनच उरते. मग तेथे स्वतंत्र भाडेकरू कसा राहणार? आधी गोदाम आणि नंतर कुलूप, असा हा प्रवास. कोणी वर जात नसल्याने कठड्यामागील पन्हळ तुंबल्याचे कळत नाही. पाणी मुरते, लाकडाला बुरशी लागते आणि नुकसान दिसेपर्यंत दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर जातो.

कायदा काय सांगतो?

इंग्लंडमध्ये १७०० ते १८५० दरम्यानच्या बहुतेक सुस्थितीतील इमारती संरक्षित यादीत आहेत. त्यांच्या वैशिष्ट्यांवर परिणाम करणारे बदल परवानगीविना करणे हा गुन्हा आहे. सप्टेंबर २०२० पासून दुकान, कार्यालय, कॅफे आणि दवाखाना हे ‘वर्ग ई’ या एकाच वापर-वर्गात आले. त्यामुळे दुकानाच्या जागी कॅफे काढणे सोपे झाले. मात्र संरक्षित इमारतीत त्यासाठी भिंत किंवा जिना हलवायचा असेल, तर वेगळी परवानगी लागतेच.

पुढे काय?

ऑनलाइन खरेदीमुळे जुन्या बाजाररस्त्यांवर तळमजलेही रिकामे होऊ लागले आहेत. २०२० ते २०२४ या काळात ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ने ६० हून अधिक बाजाररस्त्यांसाठी निधी योजना राबवली. जुने दर्शनी भाग दुरुस्त करणे आणि रिकाम्या जागा वापरात आणणे, हे तिचे प्रमुख काम होते. अशा कामांत रंगरंगोटीइतकाच रस्त्यावरून वर जाणारा स्वतंत्र दरवाजा आणि जिना महत्त्वाचा ठरतो. वर माणसे राहिली, तर गळती पहिल्याच पावसात कळते. शिवाय घरटंचाई असलेल्या देशाला शहराच्या मध्यभागी घरे मिळतात. पूर्वी जिना काढून दुकाने वाढली. आता इमारती टिकवायच्या असतील, तर अनेक ठिकाणी तो जिना परत बांधावा लागेल.