आईची प्रार्थना

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेस वॉलनट क्रीक नावाचे एक शहर आहे. तेथील ग्रिफिथ कुटुंब मध्यमवर्गीय होते. आईवडील आणि चार मुले असा त्यांचा संसार. आई मेरी ग्रिफिथ या अत्यंत श्रद्धाळू होत्या. प्रेसबिटेरियन पंथाच्या चर्चमध्ये त्या नियमाने जात. बायबलमधील प्रत्येक शब्द त्या देवाचा शब्द मानत, आणि मृत्यूनंतर सारे कुटुंब स्वर्गात पुन्हा एकत्र येईल, असा त्यांचा दृढ विश्वास होता. पुढे जे घडले त्याचे मूळ या विश्वासात आहे, क्रौर्यात नाही, हे आधीच ध्यानात घेतले पाहिजे.

१९७९ च्या सुमारास, सोळा वर्षांचा असताना त्यांचा मुलगा बॉबी याने आपल्या थोरल्या भावाजवळ मन मोकळे केले. आपल्याला मुलींविषयी नव्हे, तर मुलांविषयी ओढ वाटते, असे त्याने सांगितले. भावाच्या मनावर त्या गुपिताचे ओझे झाले आणि अखेर ती गोष्ट त्याने आईला सांगितली.

स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी प्रेम आणि शारीरिक आकर्षण वाटणे, म्हणजे समलैंगिकता. हा कल कोणी ठरवून निवडत नाही आणि उपदेशाने तो पालटतही नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्येच समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून वगळली होती. परंतु तज्ज्ञांच्या सभेत झालेला निर्णय सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचण्यास पुष्कळ वर्षे लागतात. मेरी यांच्या मनात त्या वेळी एकच विचार होता: हे पाप आहे, आणि बॉबी सुधारला नाही तर स्वर्गात तो आपल्याला पुन्हा भेटणार नाही.

म्हणून त्यांनी प्रार्थना सुरू केली. घरात बॉबीच्या नजरेस पडतील अशा ठिकाणी बायबलमधील वचने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. स्नानगृहातील आरसाही त्यातून सुटला नाही. त्याला ख्रिस्ती समुपदेशकाकडे नेले. बॉबीनेही सुरुवातीस मनापासून प्रयत्न केला. तो स्वतः श्रद्धाळू होता. आईचा देव तोच त्याचाही देव होता. त्यामुळे तो आईपासून दूर जाऊ शकला असता, तरी देवाने आपल्याला नाकारले आहे या भावनेपासून दूर जाणे त्याला शक्य नव्हते. आपल्या रोजनिशीत तो स्वतःविषयीचा तिरस्कार लिहीत राहिला. आईची प्रत्येक प्रार्थना मुलाला हेच सांगत होती, की तू जसा आहेस तसा चालणार नाहीस. तिला मात्र ते प्रेम वाटत होते, आणि खरोखर ते प्रेमच होते. या प्रकरणातील सर्वांत दुःखद गोष्ट हीच म्हणावी लागेल.

१९८३ मध्ये बॉबी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी राहावयास गेला. त्याच वर्षी २७ ऑगस्ट रोजी त्याने आत्महत्या केली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

मुलाच्या मृत्यूनंतर मेरी यांना पहिला प्रश्न पडला तो स्वतःविषयीचा नव्हता, तर मुलाच्या आत्म्याविषयीचा होता. तो आता कोठे असेल? त्यांनी पुन्हा बायबल हाती घेतले, रोजनिशी वाचली. पूर्वी कधीही पाऊल न ठेवलेल्या एका चर्चच्या धर्मोपदेशकाची त्यांनी भेट घेतली. हे चर्च ‘मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च’ या संप्रदायाचे होते. समलिंगी ख्रिस्ती लोकांना सन्मानाने उपासना करता यावी म्हणून ट्रॉय पेरी या धर्मोपदेशकाने १९६८ मध्ये लॉस एंजेलिस येथे हा संप्रदाय स्थापन केला होता. तेथे मेरी यांनी निर्भयपणे प्रश्न विचारले. जे वचन आपण मुलाला सुनावत होतो ते कोणत्या काळात, कोणाला उद्देशून लिहिले गेले? त्याच ग्रंथातील इतर अनेक कठोर आज्ञा आपण आज पाळत नाही, मग हीच का पाळावी? उत्तरे मिळण्यास वेळ लागला. अखेरीस त्या ज्या निष्कर्षाला आल्या तो साधा, पण भयंकर होता. देवाने बॉबीला बरे केले नाही, कारण त्याच्यात बरे करण्यासारखे काही नव्हतेच.

या निष्कर्षासोबत आणखी एक गोष्ट स्वीकारावी लागत होती, ती म्हणजे स्वतःची चूक. अनेक पालक नेमके येथेच थांबतात. मुलगा जिवंत असतानाही मत बदलणे म्हणजे आजवरच्या आपल्या वागण्याला चूक म्हणणे होय, आणि ते कोणालाही जड जाते. मेरी यांनी तर ते मुलगा गेल्यावर केले, आणि उघडपणे केले. त्या समलिंगी मुलांच्या पालकांच्या संघटनेत गेल्या, तिच्या स्थानिक शाखेच्या अध्यक्ष झाल्या, आणि ज्या घरांत मुलगा अजून जिवंत होता त्या घरांतील आईवडिलांशी बोलत राहिल्या. लेरॉय आरन्स या पत्रकाराने १९९५ मध्ये त्यांची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली, तर २००९ मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाला. २०२० मध्ये मेरी यांचे निधन झाले.

ज्या संघटनेत त्या गेल्या तिचा जन्मही एका आईमुळेच झाला होता. जीन मॅनफर्ड या न्यूयॉर्कमधील शाळाशिक्षिका. १९७२ मध्ये समलिंगी हक्कांसाठी निदर्शने करताना त्यांच्या मुलाला मारहाण झाली. त्यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून आपला मुलगा समलिंगी असल्याचे आणि आपले त्याच्यावर प्रेम असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये मिरवणुकीत त्या हातात फलक घेऊन मुलाशेजारी चालल्या. आपल्याही आईवडिलांशी बोलावे, अशी विनवणी कित्येक तरुणांनी रस्त्यातच त्यांना केली. ११ मार्च १९७३ रोजी पालकांची पहिली सभा भरली, तीही एका मेथडिस्ट चर्चमध्ये. सुमारे वीस माणसे आली होती.

पालकांच्या वागण्याचा मुलांच्या जिवाशी किती निकटचा संबंध असतो, हे पुढे संशोधनानेही दिसून आले. कॅटलिन रायन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरून तीव्र नकार सोसलेल्या समलिंगी तरुणांत आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, फारसा नकार न सोसलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट आढळले. याच गटाने पुढे धार्मिक कुटुंबांसाठी पुस्तिका काढल्या. त्यांत पालकांना श्रद्धा सोडण्यास सांगितलेले नाही. मुलाला घरातून काढू नका, त्याच्या मित्रांना मज्जाव करू नका, त्याला देवाचा कोप सुनावू नका, एवढेच सांगितले आहे. मत बदलण्यास वर्षे लागली तरी वागणूक आजच बदलता येते, हा विचार त्यामागे आहे आणि तो व्यवहार्य आहे.

भारतातील घरांत देवाच्या कोपापेक्षा कर्तव्याची भाषा अधिक ऐकू येते. वंश कोण चालवणार? कन्यादानाचे पुण्य कोठून मिळणार? धाकट्या बहिणीचे लग्न कसे जमणार? मग नवस बोलले जातात, गंडेदोरे बांधले जातात, आणि अखेर रामबाण उपाय म्हणून लग्न लावून दिले जाते. या उपायाने मुलगा बदलत नाहीच. उलट, जिचा यात काहीही दोष नाही अशा एका परक्या घरच्या मुलीचेही आयुष्य त्यात भरडले जाते. तिचा विचार मात्र कोणी करत नाही.

धर्माची माणसे सगळीच एका बाजूला उभी होती असे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा तिन्ही समाजांतील व्यक्ती व संस्था होत्या. २०१३ मध्ये तो निर्णय रद्द झाला. त्या वेळी मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी मात्र समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानू नये, अशी भूमिका मांडली. समलिंगी विवाहास त्यांच्या चर्चचा विरोध कायम होता. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा ठरत नाहीत, हे निश्चित केले.

कायदा बदलला तरी घर लगेच बदलत नाही. २०२१ मध्ये मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांच्या विरोधामुळे चेन्नईस निघून आल्या आणि त्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे संरक्षण मागितले. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी त्यांना आणि त्यांच्या पालकांना समुपदेशकाकडे पाठवले. एवढेच नव्हे, तर आपल्यालाही या विषयाची पुरेशी समज नाही, हे मान्य करून ते स्वतः समुपदेशकासमोर बसले. पालकांशी बोलल्यावर दिसून आले ते असे, की त्यांना सर्वाधिक धास्ती समाजात होणाऱ्या अप्रतिष्ठेची आणि मुलींच्या सुरक्षिततेची होती. त्याच प्रकरणात न्यायालयाने समलिंगी व्यक्तींना औषधोपचाराने ‘बदलण्याच्या’ प्रयत्नांना मनाई केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

अप्रतिष्ठेच्या या धास्तीवर उपाय सापडतो तो बहुधा दुसऱ्या पालकांच्या सहवासात. मुलाने मन मोकळे केले की त्याच्या मनावरचे ओझे आईवडिलांच्या मनावर येते. आता नातेवाइकांपासून लपवण्याची पाळी त्यांची असते. अशा वेळी पुस्तकातील माहितीपेक्षा, आपल्यासारखीच पूजाअर्चा, नमाज किंवा प्रार्थना करणारी, आपल्यासारखेच रडून झालेली एखादी आई समोर बसली, तर तिचे बोलणे अधिक पटते. २०१७ मध्ये मुंबईत अशा पालकांनी ‘स्वीकार’ नावाचा गट सुरू केला. आपली ओळख न लपवता बोलणारे आईवडील भारतात फारसे दिसत नव्हते. या गटाने ती वाट रुळवली.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर सुनावणी सुरू होती. तेव्हा या गटातील चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. आपल्यातील काही जण लवकरच ऐंशीच्या घरात जातील, आपल्या हयातीत मुलांच्या विवाहांना कायद्याची मान्यता मिळालेली पाहण्याची इच्छा आहे, असे त्यांनी त्यात म्हटले होते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने अशी मान्यता देण्यास नकार दिला आणि हा विषय कायदेमंडळाच्या कक्षेतील असल्याचे सांगितले. ज्या लग्नाकडे एके काळी मुलाला ‘सुधारण्याचा’ उपाय म्हणून पाहिले जात होते, तेच लग्न आता आईवडील मुलासाठी, त्याच्या पसंतीच्या माणसाशी, न्यायालयाकडे मागत होते.