हिवाळा आणि श्वसनारोग्य : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

थंडीच्या आरंभी सर्दी, खोकला व दमा यांच्या तक्रारी वाढतात. त्यावर काढा पुरेसा आहे, हा समज तपासणे आवश्यक ठरते.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते व तिच्यालगतची जड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते. भूगोलात यास तापमानाची विपरीतता म्हणतात. परिणामी कारखाने, वाहने व जाळलेला कचरा यांचा धूर पहाटे खालीच साचतो. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनीत सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला होता. दूषित हवेचा धोका किती निकट आहे, हे त्यातून दिसते.

हळदीचे दूध, तुळस-आल्याचा काढा व मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या यांनी घशास आराम मिळतो. मात्र फुप्फुसात गेलेले सूक्ष्म कण त्यांनी निघत नाहीत. म्हणून ऊन वर आल्यावर फिरणे, हवा उबदार व दमट करणाऱ्या नाकानेच श्वास घेणे आणि पालापाचोळा न जाळणे हे उपाय अधिक मूलगामी होत. दम्याच्या रुग्णांनी वैद्यकीय औषधोपचार थांबवू नयेत.

सारांश, महाविद्यालयांनी हिवाळ्यात मैदानी सराव पहाटेऐवजी उशिरा ठेवल्यास विद्यार्थ्यांचे श्वसनारोग्य विनाखर्च जपता येईल.